न केलेली सही

“मोठी आई… मी गार्गी. दुर्गेशची मुलगी.”

दारात उभ्या असलेल्या त्या उंच, सावळ्या मुलीनं एवढंच म्हटलं मात्र, आणि जयवंताच्या हातातलं सूप जागच्या जागी थबकलं! चार-दोन तांदूळ फरशीवर सांडले, ते टिपायचंही भान तिला उरलं नाही. साठ वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी ‘आई’ म्हणून हाक मारली नव्हती… मोठी नाही, धाकटी नाही, कुठलीच नाही! आणि आज ही हाक आली ती नेमकी त्या घरातून, ज्या घराचं दार सत्तावीस वर्षांपूर्वी तिच्यासाठी बंद झालं होतं.

“आत ये ना वं… अशी दारात काहून उभी राहिली?” कसंबसं ती म्हणाली.

मुलगी आत आली, पाणी प्यायली, आणि मनाशी घोकून आणल्यासारखं भराभर बोलू लागली. ती नागपुरातच हॉस्टेलवर राहून मायनिंग इंजिनिअरिंग शिकत होती, तिसऱ्या वर्षाला. मागच्या महिन्यात कॉलेजची सहल चिचखेडीच्या खाणीत गेली होती. कोळसा काढणं थांबल्यावर कंपनीनं ती खाण जशीच्या तशी जपून लोकांना पाहायला खुली केली होती. हेल्मेट आणि दिवा देऊन पाहुण्यांना थेट खाली नेत. तिथं फाटकाजवळच्या एका दगडावर खाणीत प्राण गेलेल्यांची नावं कोरलेली होती.

“चौथं नाव होतं चंद्रभान भोयर. आडनाव आमचंच, गाव आमचंच! घरी आली आन् बाबांना विचारलं, तर बाबा जेवणावरून उठून गेले. मग आईनं सांगितलं, की ते माझे मोठे बाबा. आणि तुम्ही अजून आहात म्हणून. मले तर हे काहीच ठाऊक नव्हतं, मोठी आई! तिथले गाईड आहेत ना, कवडूकाका, त्यांनी तुमचा पत्ता दिला.”

कवडूचं नाव ऐकताच जयवंतानं चटकन मान वर केली. “अजून काय सांगतलं कवडूभाऊनं?”

“काहीच नाई. म्हणाले, जे सांगायचं ते त्याच सांगतील.”

जयवंतानं हलकेच श्वास सोडला. म्हणजे कवडूभाऊंनी अजून शपथ पाळली होती!

“मोठी आई, उन्हाळ्यात मले ट्रेनिंगसाठी चालू खाणीत उतरायचं आहे. बाबा नाही म्हणून राहिले. म्हणतात, आधी मी एकदा खाण आतून पाहीन, मगच काय ते सांगीन. या रविवारी येऊन राहिले ते चिचखेडीले. तुम्ही पण या ना!”

“माझं तोंड पाहायची त्याची इच्छा नाई, बेटा.”

“पण काहून? काय झालं होतं असं?”

जयवंता फरशीवरचे तांदूळ एकेक करून वेचत बसली. जाताना ती पोर वाकून पाया पडली, आणि तिच्या केसांवर ठेवलेला हात उचलून घेणं जयवंताला फार फार जड गेलं…

काय झालं होतं? ते आठवायला तिला डोळे मिटावे लागत नसत.

चंद्रभानशी लग्न होऊन ती चिचखेडीच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ दुर्गेश नऊ वर्षांचा होता. बापाविना वाढलेलं, हट्टी, शेंबड्या नाकाचं पोर! पहिल्याच आठवड्यात ते तिच्या पदराला लटकलं ते लटकलंच. त्याची आंघोळ, त्याची शाळा, त्याचा ताप, सारं तिच्याकडे आलं. अकरा वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नाही, पण त्या दुःखाची धार तिला फारशी जाणवली नाही ती दुर्गेशमुळे. “वहिनी, भूक लागली,” असं म्हणत तो शाळेतून धावत यायचा, आणि तिच्या मनातलं सारं मातृत्व त्या एका हाकेपाशी तृप्त व्हायचं.

आणि मग तो दिवस उजाडला. दुपारच्या शिफ्टला गेलेला चंद्रभान चालत परत आला नाही. खाली छत कोसळलं होतं. “क्षणात गेला, त्याले काहीच समजलं नाई,” असं सगळ्यांनी म्हाताऱ्या सासूबाईंना सांगितलं, आणि त्या माउलीनं त्याच एका वाक्याचा आधार धरून आपला आक्रोश आवरला. “माह्या लेकराले दुखलं नाई ना… दुखलं नाई ना त्याले…” येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत राहायच्या.

तेराव्याच्या दिवशी कवडू आला. तो चंद्रभानचा जोडीदार, त्याच जागी काम करणारा. त्यानं जयवंताला मागच्या अंगणात बोलावलं, आणि जे सांगितलं ते ऐकून तिनं भिंत धरली. त्याच ठिकाणी तिनं कवडूकडून शपथ घेतली, की हे शब्द पुन्हा कुणासमोर म्हणून उच्चारायचे नाहीत!

महिनाभरात कंपनीचा कागद आला. मेलेल्या कामगाराच्या घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. पहिला हक्क बायकोचा. पण तिनं संमतीची सही केली तर ती नोकरी धाकट्या भावाला मिळणार होती, आणि तीही खाली, जिथं कोळसा फोडतात तिथली. दुर्गेश वीस वर्षांचा होता. बारावीत दोनदा नापास झालेला, अंगापिंडानं मजबूत. सासूबाईंनी, नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी सगळ्यांनी ठरवून टाकलं की नोकरी दुर्गेशची.

जयवंतानं सही केली नाही.

कागद समोर ठेवून सासूबाई रडल्या, ओरडल्या, भिंतीवर डोकं आपटायला निघाल्या. दुर्गेश आधी हसला, मग समजावत राहिला, मग त्याच्या डोळ्यांत ते उतरलं जे ती आजतागायत विसरली नव्हती.

“वहिनी, मी तुले आई मानलं… आन् तू माह्याच पोटावर पाय देऊन राहिली? काहून, एवढंच सांग!”

ती खाली मान घालून म्हणाली, “नोकरी मीच करीन.”

“लालची आहेस तू!” तो किंचाळला. “दादासोबत माही वहिनी बी मेली, समजलं?”

त्याच संध्याकाळी तो एक पिशवी घेऊन निघून गेला. तिनं लॅम्परूममधली नोकरी धरली. बायांना तेव्हा खाली उतरायची मनाईच होती. वीस-बावीस वर्षं ती खिडकीतून माणसांच्या हाती दिवे देत राहिली आणि शिफ्ट सुटल्यावर एकेक दिवा मोजून परत घेत राहिली. एखादा दिवा यायला उशीर झाला, की ती पुन्हा पहिल्यापासून दिवे मोजायची. घरी सासूबाईंचं हागणं-मुतणं काढलं, त्यांचे टोमणेही निमूट ऐकले. “माह्या पोराले घरातून हाकललं हिनं,” असं त्या माउलीनं शेवटच्या आजारातही तिच्याच हातून पेज पिताना म्हटलं होतं! त्यांच्या चितेला अग्नी द्यायला दुर्गेश आला, आणि जयवंताच्या घरचं पाणीही न पिता परत गेला. तो ट्रकवर क्लीनर झाला, मग वेल्डिंग शिकला, मग बुटीबोरीत त्यानं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान थाटलं, पुष्पलता नावाची बायको केली, हे सारं तिला दुसऱ्यांच्या तोंडून कळत गेलं. दर वेळी ती देवापुढे बसून म्हणायची, “जिवंत आहे ना… बस, मग झालं!”

रविवारी सकाळी ती तीन वेळा निघाली आणि तीनदा परत फिरली. चौथ्यांदा मात्र घराजवळच्या मानकापूरच्या स्टॉपवर येऊन बसमध्ये बसलीच.

खाणीच्या फाटकाशी पाहुण्यांचा घोळका होता. लहान मुलं पिवळी हेल्मेटं घालून फोटो काढत होती. गर्दीतही तिनं दुर्गेशला तत्काळ ओळखलं. केस विरळ झाले होते, भुवईवर भाजल्याचा डाग होता. पण उभं राहण्याची ती एका पायावर भार टाकायची ढब… ती तिच्या हातचं खाऊन वाढलेल्या मुलाची होती! त्यानंही तिला पाहिलं. चेहरा दगडासारखा झाला.

“गार्गी, ह्या काहून आल्या इथं?”

“मी बोलावलं, बाबा.”

“चाल, परत जाऊ.”

“जायचं तर तुम्ही जा. मी मोठ्या आईसोबत खाली जाते.”

हेल्मेट वाटणारा कवडू सगळं पाहत होता. सत्तरीला टेकलेला, पाठीतून वाकलेला, पण आवाज अजून खणखणीत. तो फक्त म्हणाला, “दुर्गेश, आला आहेस तर पाहून जा गा. तिकीट फाडून झालं आहे.”

उताराच्या तोंडाशी जयवंताचे पाय नेहमीसारखेच थबकले. पाहुण्यांसाठी खाण खुली झाल्यावर निवृत्तीपर्यंत तीन वर्षं तिनं इथल्याच खिडकीवर काम केलं होतं, पण ही पायरी ती कधी उतरली नव्हती. ज्या भूमीनं तिचं सौभाग्य गिळलं, ती तिनं कधी पाहिलीच नव्हती! गार्गीनं तिचा हात धरला. आणि मग एकेक पायरी… एकेक पायरी… वरचं ऊन मागे लहान लहान होत गेलं.

खाली हवा गार आणि ओलसर होती. कोळशाच्या भिंतींवर दिव्यांचा उजेड पडला की त्या चकाकत. कवडू सगळ्यांना सांगत होता, छताला काठीनं ठोकून आवाज कसा ऐकायचा, खणखणीत वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर पळायचं. मुलं काठीनं ठोकून बघत, हसत. दुर्गेश मात्र हसत नव्हता. तो वर बघत होता, त्या खाली वाकलेल्या काळ्या छताकडे, आणि त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. एवढ्या अंधाऱ्या, एवढ्या ठेंगण्या जागी माणसं आयुष्य काढतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मनातली खाण म्हणजे हिसकावून घेतलेली एक नोकरी होती, बस्स.

बाकीचे पाहुणे दुसऱ्या गाईडबरोबर पुढे गेले. कवडू मागे राहिला, आणि हे तिघं. एका आडव्या बोगद्याच्या तोंडाला जाळी लावलेली होती. कवडू तिथं थांबला आणि त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं.

“इथंच?” दुर्गेशनं विचारलं.

“इथंच, गा. त्या जाळीच्या पलीकडे वीस पावलांवर.”

“क्षणात गेला म्हणत होते…”

कवडूनं आधी जयवंताकडे पाहिलं, मग दुर्गेशकडे. तो काय बोलणार ते जयवंताच्या ध्यानात आलं आणि ती घाईघाईनं पुढे झाली.

“कवडूभाऊ, नका! तुम्ही शपथ घेतली होती!”

“घेतली होती, वहिनी. सत्तावीस वर्षं पाळली. म्हातारी जिवंत होती तोवर ठीक होतं. पण हा पोरगा तुमच्याकडे असा पाहून राहिला, हे चंद्रभान गेला त्या जागी उभं राहून मी पाहू? नाई जमत मले!” तो दुर्गेशकडे वळला. “क्षणात नाई गेला तुहा भाऊ. चार तास जिवंत होता. कंबरेपासून खाली शिळेखाली दबलेला. छत राहून राहून झडत होतं, म्हणून मदतीले बाकी कोणी जवळ येऊ शकत नव्हतं. मी तेवढा आधीपासून त्याच्या बाजूले होतो, त्याचा हात धरून बसलो. शुद्धीवर होता. सगळं समजत होतं त्याले…”

गार्गीनं तोंडावर हात ठेवला. दुर्गेशनं जाळीचा आधार घेतला.

“काय… काय म्हणाला दादा?”

“तुहंच नाव घेत होता. म्हणे, ‘आता माय दुर्गेशले इथं लावून देईल. लावू देऊ नको. जयवंताले सांग, काहीही झालं तरी दुर्गेशले खाली येऊ देऊ नको. तो माहा पोरगाच आहे.’ शेवटपर्यंत हेच. मी वहिनीले सांगतलं. त्यांनी सही नाई केली ती म्हणून, दुर्गेश! नोकरीसाठी नाई!”

त्या काळोखात कुठंतरी पाणी ठिबकत होतं. दुर्गेश हळूहळू वळला.

“वहिनी… हे खरं आहे?”

तिनं मान हलवली. अश्रू आता थांबवण्यासारखे राहिलेच नव्हते.

“मग सांगतलं काहून नाई? एका शब्दानं सांगायचं होतं ना! मी तुले काय काय बोललो… माय काय काय बोलली…”

“कसं सांगू, बाबू?” जयवंता म्हणाली. “ते सांगायचं तर चार तासांचं बी सांगावं लागलं असतं. त्या म्हाताऱ्या जिवाले एकच धीर होता, की लेकराले दुखलं नाई. तो कसा काढून घेऊ मी? आन् तू… तू दादाच्या पाठीवर बसून मोठा झालेला. त्याचे ते चार तास तुह्या डोक्यात जन्मभर राहिले असते. त्यापेक्षा तू माह्यावर राग धरलेला बरा. राग धरून माणूस जगते. मी पाहिलं ना, तू जगला!”

दुर्गेशच्या गळ्यातून एक हुंदका फुटला, आणि बुटीबोरीच्या दुकानात लोखंड वाकवणारा तो धिप्पाड माणूस कोळशाच्या त्या ओल्या भुईवर गुडघे टेकून तिच्या पायांशी कोसळला!

“मारून टाक मले, वहिनी! मायच्या मौतीले येऊन तुह्या घरचं पाणी बी नाई पेलो मी…”

“ऊठ. ऊठ गा, पँट खराब होते,” ती रडता रडता म्हणाली, आणि कशीबशी खाली बसून तिनं त्याचं डोकं उराशी धरलं. “माहं बी चुकलं, दुर्गेश. मी तुले विचारलंच नाई. तुह्या जन्माचं सगळं मी एकटीनं ठरवलं. तू वीस वर्षांचा होता, लहान नव्हता. आज वाटते, तुले सांगून तुह्यावर सोडायला पाहिजे होतं…”

दुर्गेशनं डोळे पुसले आणि तो उठला. त्यानं गार्गीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकाएकी भीती दाटून आली.

“गार्गी, तू नाई उतरायचं ट्रेनिंगले. बस. दादाचा शब्द आहे.”

गार्गीचा चेहरा पडला. तिनं काही म्हणायला तोंड उघडलं, आणि बापाचे सुजलेले डोळे पाहून मिटून घेतलं. ते पाहून जयवंता पुढे झाली.

“तो शब्द तुह्यासाठी होता, दुर्गेश. हिच्यासाठी नाई.”

“वहिनी, तूच म्हणते?”

“हो, मीच. तू उतरला असता तर पोटासाठी, दुसरं काही येत नव्हतं म्हणून. तुह्या दादानंबी तसंच आयुष्य काढलं. गार्गी, तू काय शिकणार आहेस पुढं? सांग बापाले.”

“छताचं,” गार्गी हळूच म्हणाली. “छत कुठं, कधी कमजोर होते ते आधीच मोजून समजलं पाहिजे. आता तशी यंत्रं आली आहेत. मले तेच करायचं आहे, बाबा. म्हणजे कवडूकाकांसारखं चार तास कोणाले हात धरून बसावं लागणार नाई.”

कवडूनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे गदगदत होते.

जयवंता म्हणाली, “मी एकदा न विचारता ठरवलं, त्याचं काय झालं ते पाहिलं आपण. तू तसं करू नको. भीती वाटते ना? मलेही वाटते. ती आपण दोघं मिळून सहन करू. तिले जाऊ दे.”

दुर्गेशनं एकदा जाळीपलीकडे पाहिलं. मग त्यानं मुलीच्या हेल्मेटचा सैल झालेला पट्टा घट्ट केला आणि “चाल, वर जाऊ,” एवढंच म्हणाला. पायऱ्या चढताना जयवंताला दम लागला, तेव्हा त्यानं तिला धरलं. बाहेर आल्यावर पुष्पलताला फोन लावून तो म्हणाला, “भात जास्त टाक. वहिनीले घेऊन येऊन राहिलो.”

मे महिन्यातल्या एका सोमवारी गार्गी पहिल्यांदा एका चालू खाणीत उतरली. पहाटेच दुर्गेश मानकापूरहून वहिनीला घेऊन आला. पुष्पलतानं डबा दिला होता. फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली दोघं बसून राहिली. दुर्गेशनं चार वेळा चहा आणला आणि चारही वेळा स्वतःचा तसाच थंड होऊ दिला. उन्हं चढली, धूळ उडाली. जयवंता त्याला सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत राहिली, तो ट्रकवरच्या पहिल्या हिवाळ्याबद्दल सांगत राहिला. सत्तावीस वर्षांतलं बोलायचं खूप होतं, पण मध्येच एखाद्या वाक्याच्या अर्ध्यावर दोघांचीही नजर फाटकाकडे जायची आणि बोलणं तुटायचं.

तीन वाजता भोंगा झाला. माणसं बाहेर येऊ लागली. दहा, वीस, पन्नास… जयवंता उभी राहिली. दुर्गेशनं तिचा हात इतका घट्ट धरला, की बांगड्या रुतल्या. आणि मग सर्वांत शेवटी, दोन म्हाताऱ्या कामगारांशी हातवारे करून काहीतरी वाद घालत, कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी झालेली गार्गी बाहेर आली.

ती समोर येऊन दोघांकडे आळीपाळीनं बघू लागली.

“काय झालं? असे काय पाहून राहिले? रडून राहिले काय दोघंही?”

“नाई वं,” दुर्गेश म्हणाला आणि चेहरा दुसरीकडे वळवून मोठ्यानं हसला. जयवंतानं पदराच्या टोकानं पोरीचं कपाळ पुसलं. काळं काही निघालं नाही, नुसतं पसरलं.

“भूक लागली, मोठी आई,” गार्गी म्हणाली.

जयवंतानं डबा उघडला, आणि तिघंही तिथंच, त्या कडुलिंबाखाली, जेवायला बसली.